दहा सेकंदांचे आर्टिस्ट

कंडक्टर चंद्र काखेत मारून दारात आला, तेव्हाच मला कळायला हवे होते. आर्टिस्टनी तो चंद्र कधी कुणाच्या हातात दिला नव्हता.

चंद्र टिनाचा. तेलाच्या डब्यातून कोर कापून घेतलेली, पुढून पांढरा रंग दिलेली. पाठीमागे अजून शेंगदाण्याचे चित्र होते. घाटंजीच्या स्टँडवर बस लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरतात. आर्टिस्ट चंद्र टाकायचे. त्या दुपारीही टाकला, गर्दीतून वाट काढत आत शिरले, चंद्र उचलून मांडीवर घेतला, बसले आणि गेले. बस पारवा गावाच्या पुढे गेल्यावर कंडक्टरने तिकिटासाठी खांदा हलवला तेव्हा कळले. विनातिकीट गेले, असे काकू नंतर सगळ्यांना सांगायच्या आणि सांगताना डोळे पुसायच्या.

काकू म्हणजे त्यांची बायको, माझी घरमालकीण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्या स्टुडिओच्या माडीवर नऊ वर्षे भाड्याने राहिलो. नऊ वर्षांत मला आर्टिस्टचे खरे नाव फक्त एकदा, पोस्टमनच्या तोंडून ऐकायला मिळाले, आणि तेव्हा मी पोस्टमनला सांगितले की असे कोणी इथे राहत नाही.

राख सावडून आल्यावर काकूंनी मला खाली बोलावले.

“गुरुजी, तेरवीले त्यायचा एक फोटो पायजे. भिंतीवर लावाले.”

मी म्हटले, “बघतो.” पण दोघांनाही ठाऊक होते. घरात फोटोंच्या तीन ट्रंका होत्या. त्यात आर्टिस्टचा चेहरा कुठेही नव्हता.

“ड्रॉइंगवाल्या मास्तरले सांगून पाहू का?” मी विचारले.

“त्यायनं काढलं कालच. आणून देल्लं. माह्या भावासारखं दिसते.” काकूंनी पदर तोंडाला लावला. “मी साठीच्या पुढं गेली, गुरुजी. काल भाजी कायची केलती थे आठवत नाई. त्यायचं तोंड इसरली तं मंग कोणाले पुसू?”

 माझ्याकडे दहा दिवस होते.

आता हा गोंधळ कसा झाला, ते सांगायचे तर आर्टिस्टची काम करायची रीत सांगावी लागेल. ती रीत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी घर सोडायच्या बेतात होतो.

स्टुडिओवर पाटी होती: ‘येथे फोटो काढून मिळतील. दिसता तसे नाही.’ पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती आणि तिचा अर्थ ते अक्षरशः घ्यायचे. कोणी फॉर्मला लावायचा साधा फोटो मागितला की ते त्याला हाताला धरून स्टँडसमोरच्या दुसऱ्या स्टुडिओत नेऊन सोडायचे. “जसं दिसते तसं पाहाले घरी आरसा हाय ना?” असे म्हणायचे. “मंग माह्याकडं कायले आले?”

जे थांबत, त्यांना एकच प्रश्न. “काल स्वप्नात काय दिसलं?”

काही दिसले नाही म्हटले की, “मंग आज झोपा, उद्या या.” आणि लोक खरोखर घरी जाऊन झोपायचे, दुसऱ्या दिवशी यायचे. खोटे स्वप्न सांगणारे त्यांना लगेच ओळखू यायचे. एकाने सांगितले, मले लक्ष्मी दिसली. आर्टिस्ट म्हणाले, “कोणत्या पायात जोडवं होतं?” तो अडखळला. “जा, झोप.”

स्वप्न कळले की ते त्या माणसाच्या घरी जायचे. घरात जे असेल त्यातच ते स्वप्न उभे करायचे. बाहेरची एक वस्तू चालायची नाही, आपला तो टिनाचा चंद्र सोडून. कुर्लीच्या एका न्हाव्याला स्वप्नात विहिरीत बस उभी दिसली होती. आर्टिस्टनी कोरड्या विहिरीत बाज सोडली, बाजेवर त्याचे सारे कुटुंब बस भरल्यासारखे बसवले आणि बायकोच्या हातात सूप देऊन तिला ड्रायव्हर केले. पारव्याच्या शिंप्याला दिसले होते की आपण नदीला शिवण घालतो आहोत. दोन दिवस तो मशीन घेऊन पात्रात बसला होता, कारण पहिल्या दिवशी ढग आले.

त्या सालांत हे असे चालायचे याचे मला फार नवल वाटायचे. कापसाची ती वाईट वर्षे होती. वेचलेला कापूस विकला जाईना, खरेदी केंद्राचे दार उघडेना, पेपर वाचवेना. हसायला फारसे काही नव्हते. पण आर्टिस्टकडे माणूस यायचा, काल रात्री आपल्याला काय दिसले ते लाजत लाजत सांगायचा, आणि चार दिवस सारा मोहल्ला त्या स्वप्नाला लागणाऱ्या परातीच्या आणि बकऱ्यांच्या मागे लागायचा.

आता टायमर. आर्टिस्टकडे हाताखाली कोणी नव्हते आणि त्यांना नको होते. चंद्र दोरीने टांगायचा नाही, हा त्यांचा नियम. “टांगलेला चांद टांगलेलाच दिसते. माणसानं धरला तं जरासा हालते. हालला म्हणजे जित्ता वाटते.” मग धरणार कोण? तेच. ते कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावायचे, खटका ओढायचे, कॅमेरा किर्रर्र करू लागायचा आणि दहा सेकंदांत हा शंभर किलोचा माणूस चपला फटफटवत धावत सुटायचा, आणि फोटोच्या कडेला उभा राहून चंद्र किंवा परात किंवा कोंबडा वर धरायचा. डाव्या डोळ्याने त्यांना कमी दिसायचे, म्हणून माणसे उजव्या हाताला ठेवून ते नेहमी डावीकडेच घुसायचे. आपण दिसायला नको म्हणून अंग चौकटीबाहेर चोरायचे. तरी काहीतरी आत राहायचेच. कधी कोपर, कधी पाय, कधी पोट.

ज्याचा फोटो निघायचा त्याला सांगितलेले असायचे, समोर पाहा. पण एवढा मोठा माणूस अंगावर धावून येऊन बाजूला गडप होत असताना समोर कोण पाहील? जिल्ह्यात कुठल्याही घरात भिंतीवर फोटो दिसला आणि त्यातली सगळी माणसे डोळे विस्फारून, हसू दाबून, डाव्या कडेला बघत असली, की विचारायची गरज नसे.

मी ह्या माणसाकडे गेलो ते सर्व्हिस बुकात लावायला फोटो हवा होता म्हणून. नवा होतो. पाटी वाचली नव्हती.

“काय दिसलं काल?”

मी चिडून खरे ते सांगून टाकले. मी हजेरी घेतो आहे आणि वर्गातून कोणी ‘हजर’ म्हणत नाही. हे स्वप्न मला तेव्हा आठवड्यातून दोनदा पडायचे. वर्गातली निम्मी पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची आणि उरलेल्या निम्म्यांना मी काय शिकवतो आहे ते मलाच कळायचे नाही. हे मी कुणाला सांगितले नव्हते. आर्टिस्टनी ऐकून घेतले, हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्त्रीच्या पँटमध्ये, गुडघाभर पाण्यात, हातात हजेरीपट घेऊन उभा होतो. समोर बारा म्हशी ओळीने पाण्यात बसलेल्या, डोकी तेवढी वर.

“गुरुजी, खरंच हजेरी घ्या. नाई घेतली तं तोंडावर दिसते.”

“म्हशींची नावे मला ठाऊक नाहीत.”

“मंग पोरायची घ्या.”

मी घेतली. गावात नसलेल्या पोरांची नावे एकेक करून म्हशींसमोर वाचली. सहाव्या नावाला कॅमेरा किर्रर्र वाजू लागला, आर्टिस्ट हातात शाळेची घंटा घेऊन पाणी उडवत धावत आले, आणि नेमक्या त्या क्षणी एक म्हैस हंबरली. मी तिला ‘हजर’ लावला. आयुष्यात खोटी हजेरी मी तेवढी एकच लावली.

तो फोटो मी कात्रीने कापून आपला चेहरा तेवढा सर्व्हिस बुकात चिकटवला. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक हेडक्लार्कने मला विचारले, “सर, पाहून कुणाकडं राह्यले?”

काकू ह्या सगळ्यापासून अलिप्त होत्या, म्हणजे तसे म्हणायच्या. फोटो धुवायचे काम त्यांचे. धुतलेले फोटो त्या साड्यांच्या मधे दोरीवर चिमट्याने वाळत घालायच्या. अंगणात गेले की जरीच्या काठाशेजारी बाजेवर बसलेला न्हावी लोंबायचा. पण स्वतः कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. आर्टिस्ट रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, “काही दिसलं का वो?” काकूंचे उत्तर ठरलेले. “मले स्वप्न पडत नाई. मले झोप लागते.”

नऊ वर्षे हा संवाद मी माडीवरून ऐकला. मला वाटायचे, एखादे दिवशी बाई खोटे तरी सांगेल.

काकूंचा एकच फोटो होता, लग्नातला. तोही आर्टिस्टनीच काढला, कारण आपल्या लग्नात परका फोटोवाला नको. मांडवात तिकाटणे लावले, नवरीला उभे केले, खटका ओढला आणि नवरदेव धावले. बाशिंग डोळ्यांवर घसरले. मांडवाच्या बल्लीला गुडघा आदळला. फोटोत काकू एकट्या, हातात हार, थेट कॅमेऱ्याकडे बघताहेत. मारीन अशी नजर आहे. डाव्या कडेला जमिनीपासून वीतभर वर एक पाय दिसतो.

“लगनाले बी टायमावर पोचले नाई,” हा काकूंचा शेरा. तो त्या दर पाहुण्याला ऐकवायच्या.

कापसाचे सांगायचे राहिले. एका साली फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरून निरोप आला. म्हाताऱ्या याडीला स्वप्न पडले होते. याडी म्हणजे आई. सारा तांडा तिला याडीच म्हणायचा. दोन दिवसांनी तिची तिन्ही मुले, सुना, नातवंडे ऊसतोडीला जाणार होती आणि त्याआधी फोटो हवा होता. आर्टिस्टनी मला बरोबर घेतले, कारण रविवार होता आणि मला चंद्राची पिशवी उचलता येते असे त्यांचे मत होते. पिशवीच बरे का. चंद्र त्यांच्या काखेत.

घराचे दार उघडले आणि आम्ही थबकलो. आत घर नव्हते, कापूस होता. उंबऱ्यापासून आढ्यापर्यंत पांढरा, टिनाला टेकलेला, मधे फक्त माणूस वाकून बसेल एवढी पोकळी. भाव नाही म्हणून ठेवलेला. बाहेर थंडी पडली की सगळी माणसे शिडीने वर चढून त्या पोकळीत निजायची आणि सकाळी खाजवत उतरायची. त्या काळात कितीतरी घरांत हेच होते. माझ्या माडीवरही काकूंच्या चुलतभावाचा कापूस एक हिवाळा होता आणि माझ्या मांडीवर त्याच्या खुणा पुढे तीन हिवाळे.

“काय दिसलं, याडी?”

“घर उडून गेलं,” म्हातारी म्हणाली. “आन् सारे आतच होते. कोणी खाली राह्यलं नाई.”

आर्टिस्टनी दारातून मान आत घालून कापूस खालपासून वरपर्यंत पाहिला. मग म्हणाले, “इथं तं काही करायलेच नाई लागत.”

त्यांनी एका बाजूची बांबूच्या तट्ट्याची भिंत सोडवली आणि सगळ्यांना कापसावर चढवले. कोणी विळीवर भाजी चिरते आहे, एक सून वेणी घालते आहे, याडीच्या नवऱ्याच्या, म्हाताऱ्या नायकबाबाच्या, कानाला ट्रान्झिस्टर, बकरी, पाळणा, पाळण्याला झोका. डोकी टिनाला टेकलेली. सगळे घर ढगावर बसून संसार करते आहे आणि एका हाताने खाजवते आहे. किर्रर्र झाले, आर्टिस्ट धावत शिडी चढले, डावीकडून चंद्र आत आला, शिडी सरकली, आणि सारे घर हसू दाबून डावीकडे बघत राहिले. आर्टिस्ट खाली कापसात कमरेपर्यंत रुतले होते. चंद्र मात्र वर होता.

तो फोटो याडीच्या दारावर लागला. महिन्याभराने तांड्यावर जीप आली. शहरातून कोणी फोटोग्राफर आला होता, कापूसवाल्यांची परिस्थिती टिपायला. त्याने दारावरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “छान आहे, पण ट्रिक आहे ही.”

योगायोगाने आर्टिस्ट तिथेच होते, जास्तीच्या प्रती द्यायला गेले होते. मीही होतो.

“ट्रिक नाई साहेब, घर हाय,” नायकबाबा म्हणाला.

साहेबाने मान हलवली आणि नायकबाबाला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेले. अंगातला चांगला सदरा काढायला लावला. फेटा सैल केला. भेगा असलेली जमीन शोधली. मग म्हणाला, “बाबा, डोक्याला हात लावून बसा. नॅचरल बसा.”

पाहुणा एवढ्या लांबून आला म्हणून नायकबाबा बसला. अर्धा तास बसला. आर्टिस्ट कौतुकाने बघत होते. शेवटी न राहवून पुढे झाले. “भाऊ, तुमी बी आमच्याच लाइनीतले. मांग चांद धरू का?”

साहेब रागावला. म्हणाला, हे खरे फोटो आहेत, ह्यात असला पोरखेळ चालत नाही.

पंधरा दिवसांनी तो फोटो पेपरात आला. आणि दुसऱ्या सकाळपासून तीन तांड्यांतून पाहुणे रडत यायला लागले. नायकबाबा डोक्याला हात लावून बसला म्हणजे याडी गेली, असा साऱ्यांनी अर्थ काढला होता. बायांनी वेशीपासूनच गळा काढला. याडीने स्वतः सगळ्यांना पाणी दिले, तरी एक मावशी रडायची थांबेना. नायकबाबा ओरडत होता, “अरे, मले ऊन लागून राह्यलतं फक्त!”

आर्टिस्ट हा किस्सा पुढे वर्षानुवर्षे सांगायचे. शेवटी एकदा गंभीर व्हायचे. “माह्या फोटोत चांद खोटा हाय, बाकी सारं खरं. त्याच्या फोटोत जमीन खरी हाय. बाकी त्यानं मांडलं. मंग पोरखेळ कोणाचा, गुरुजी?”

 आजही मला उत्तर त्यांच्या बाजूनेच द्यावेसे वाटते.

तर अशा माणसाचा चेहरा मी दहा दिवसांत शोधायला निघालो. पहिल्यांदा मतदार ओळखपत्र काढले. ते मला आधीच ठाऊक होते, तरी काढले. नाव आर्टिस्टचे, वय आर्टिस्टचे, आणि फोटो एका बाईचा. नथ घातलेली, चाळिशीची. कुठेतरी छापताना अदलाबदल झाली होती. आर्टिस्ट ते कार्ड घेऊन तीनदा मतदान करून आले. बूथवरचे सगळे ओळखीचे. पण ती बाई कोण हे त्यांना झोपू देईना. बाजारात कासाराने ओळखली: मारेगावची. आर्टिस्ट मारेगावला गेले, कारण हिशोब साधा होता. तिचा चेहरा आपल्याकडे आहे, तर आपला तिच्याकडे असणार. बाई सापडली. तिच्या कार्डावर एका मिशीवाल्या तरुणाचा फोटो होता.

“म्हंजे माहं तोंड जिल्ह्यात कुठं तरी फिरून राह्यलं,” आर्टिस्ट खूश होऊन सांगायचे. “मतदान करत असन.”

मी तरी त्या बाईकडे जाऊन आलो. तिने चहा दिला, आर्टिस्ट गेल्याचे ऐकून हळहळली. मिशीवाल्याचा पत्ता तिलाही लागला नव्हता.

शाळेच्या ग्रुप फोटोत ते एकदा पाहुणे म्हणून बसले होते, ते आठवले. तो फोटो शोधला. दुसऱ्या कुणाचा कॅमेरा किर्रर्र वाजला आणि आर्टिस्ट सवयीने उठून पळाले होते. त्यांच्या खुर्चीवर एक पांढरा पट्टा आहे, बस.

मग उरली लोकांची घरे. मी रजा टाकली आणि गावोगाव बसने फिरलो. प्रत्येक घरात फोटो उतरवून उजेडात धरायचो आणि डावी कड तपासायचो. सवयीने हजेरीपट बरोबर होता, त्यातच लिहीत गेलो. कुर्ली, न्हावी: उजवा हात, कोपरापर्यंत. पारवा, शिंपी: पोट. त्याच गावची सुईण: दोन अंगठे, चपलेसह. तांडा, याडी: हात, चंद्रासह. माझा स्वतःचा: पंजा, घंटेसह, हा मी कापलेल्या फोटोच्या उरलेल्या तुकड्यावरून लिहिला. एका ठिकाणी पाठ मिळाली. एका ठिकाणी कान मिळाला तेव्हा मी फोटो धावत उन्हात नेला, पण कानाच्या पुढे फोटो संपत होता.

फोटो मागितला तर कोणी देईना. “तेरवीले आमीच घेऊन येतो,” प्रत्येकजण म्हणायचा. भिंतीवरची वस्तू मास्तरच्या हातात कोण देतो?

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी हजेरीपट काकूंसमोर उघडला आणि वाचून दाखवला. हात, पोट, अंगठे, पाठ, कान.  मी म्हटले, “काकू, तोंड नाही.”

 त्या चूल पेटवायला उठून गेल्या. मला फार वाईट वाटले. नऊ वर्षे मी ह्या बाईच्या हातचे खाल्ले होते आणि तिने आयुष्यात एकच वस्तू माझ्याकडे मागितली होती.

तेरवीच्या सकाळी मी खाली आलो तर काकू अंघोळ करून, स्टुडिओचे दार उघडून उभ्या. चेहरा वेगळाच.

“गुरुजी, मले पडलं.”

“काय? कुठे?”

“स्वप्न पडलं. रात्री.” त्या थोड्या लाजल्या. “धावून राह्यलते.”

 त्यांनी आर्टिस्टची ट्रंक उघडली आणि कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

दहाच्या सुमाराला लोक येऊ लागले. काखेत, डोक्यावर, सायकलच्या कॅरिअरला बांधून प्रत्येकाने आपापली फ्रेम आणली. न्हावी आला, शिंपी आला, याडी दोन बस बदलून आली. मारेगावची बाईदेखील आली, आर्टिस्टनी तिचा त्या कार्डासकट काढलेला फोटो घेऊन. काकूंनी स्टुडिओची मोठी भिंत मोकळी करून ठेवली होती. खिळे ठोकत गेल्या आणि फ्रेमा लावत गेल्या. मी आधी मदत करायला गेलो तर मला बाजूला सारले. भिंतीच्या डाव्या टोकाला एक खिळा त्यांनी मोकळा ठेवला. सगळे फोटो त्याच्या उजवीकडे.

अर्ध्या तासाने मी मागे सरकून पाहिले. चाळीसेक फ्रेमा. त्यांतली सव्वाशे-दीडशे माणसे, बारा म्हशी, बकऱ्या, पाळण्यातले पोर. म्हशी सोडल्या तर सगळ्यांची नजर त्या एका रिकाम्या खिळ्याकडे. सगळ्यांचे डोळे मोठे, सगळ्यांनी हसू दाबलेले. कोणीतरी धावत येऊन आत्ता तिथे उभे राहिले आहे.

काकूंनी खिळ्याला हार घातला. कोणी तरी म्हणाले, तिथं चंद्र लावा. काकू म्हणाल्या, “टांगलेला चांद टांगलेलाच दिसते.” चंद्र त्यांनी आपल्या हातात घेतला आणि भिंतीपाशी, हारापासून हातभर अंतरावर, उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. लग्नातल्या फोटोत उभ्या होत्या तितक्याच सरळ.

“काढा, गुरुजी.”

मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि खटक्यावर बोट ठेवले. “समोर पाहा, काकू.”

“बोटानं नाई,” काकू म्हणाल्या. “किर्र वाजू द्या.”

मी टायमर ओढला आणि बाजूला झालो. किर्रर्र सुरू झाले. स्टुडिओत पन्नास माणसे होती. कोणी धावले नाही. मी मनातल्या मनात अंक मोजले. आठाला मला चपलांचा आवाज ऐकू आला असे मी म्हणणार नाही, मी गणिताचा मास्तर आहे. पण मी वाट थोडी मोकळी करून दिली, हे खरे. आणि माझ्याबरोबर न्हावी, शिंपी, याडी, सगळेच अर्धे पाऊल मागे सरकले.

फोटो काकूंनी स्वतः धुतला आणि साड्यांच्या मधे दोरीवर वाळत घातला. मी जवळ जाऊन पाहिले. चंद्र किंचित हललेला. काकूंची मान डावीकडे वळलेली, डोळे मोठे, ओठ घट्ट दाबून धरलेले. अजून अर्धा सेकंद गेला असता तर बाई खो-खो हसली असती.

काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओल्या हाताने त्यांनी चिमटा नीट केला आणि फोटोकडे बघत म्हणाल्या,

“या बारीले टायमावर पोचले.”